कुदुरे बंगल्याचं बोलावणं

राजाजीनगर, बेंगळूरु
सोमवार, ५ जानेवारी २०२६

चि. दत्ता यास अक्काचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच बाजूला टाकशील, तर टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुला दिसतं की नाही, देव जाणे. मग राहिलं काय, तर पोस्ट. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून मी जगाची पत्रं इकडची तिकडं केली, आता माझं एक राजाजीनगरहून आनेकलला गेलं तर काय बिघडलं? पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी या शहरात मीच एकटी असेन. असू दे.

कामाचं सांगते. स्वानंदीचा गुंडू मार्चमध्ये वर्षाचा होतोय, त्याच्या आत जावळ काढायचं आहे. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं हे तुला मी काय सांगायचं. स्वानंदीला सख्खा भाऊ नाही, म्हणजे मामा कोण, तर तुझा मल्हार. तिनं त्याला विचारलं, तो लगेच सरी म्हणाला. त्याची मुग्धाही हो म्हणाली. पुण्याची असली तरी तुझी सून गुणाची आहे, मला फोनवर आत्या म्हणते. तुझ्या पाठीमागं ही पोरं एकमेकांशी बोलतात हे तुला ठाऊक असेलच, नसलं तर आता झालं. तुझी कावेरी तुझ्यामागं येईल. म्हणजे अडलंय ते तुझ्यापाशी.

माझ्या घरी तू येणार नाहीस. तुझी आण मी विसरलेली नाही. मे महिना, सतरा साल, फोनवर ज्योतिबाची आण घेऊन म्हणालास, "अक्का, तुझा उंबरा ओलांडणार नाही, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." नऊ वर्षं होत आली. म्हणून आम्ही असं घर शोधलंय, जे ना तुझं ना माझं.

आनेकलच्या पुढं, तुझ्या लेथच्या शेडपासून चार किलोमीटरवर कुदुरे बंगला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी इंग्रज घोड्यांचा डॉक्टर होता, त्यानं बांधलेला. पलटणीची आजारी घोडी तिथं विश्रांतीला यायची म्हणे, म्हणून लोक कुदुरे, म्हणजे घोड्यांचा, बंगला म्हणतात. मालक आता चेन्नईला असतात. दिवसभरासाठी एकाच कुटुंबाला देतात, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. घर दाखवतात, जेवण घालतात, बागेत पोरं हुंदडतात. आमच्या जावयानं, यशोवर्धननं, शोधून काढलं. रविवार, २२ फेब्रुवारी ठरवतोय. तू ये.

आणि एक लिहूनच टाकते. स्वानंदीच्या लग्नाचं तुला कळवलं नाही, असं तू चारचौघांत म्हणतोस असं कानावर येतं. पत्रिका मी स्पीड पोस्टानं पाठवली होती. पोचपावतीवर तुझी सही आहे आणि ती पावती अजून माझ्या कपाटात आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तुझी,
अक्का

राजाजीनगर
शुक्रवार, १६ जानेवारी

चि. दत्ता,

उत्तर नाही. मल्हारला विचारलं, तर म्हणाला, "बाबा वाचतात, आत्या. दोनदा वाचलं. काही बोलत नाहीत." वाचलंस ना, मग पुरे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही आपल्या आईच्या बोलण्यातली म्हण, आणि आई ती तुझ्याकडं बघूनच म्हणायची.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यशोवर्धनबरोबर जाऊन बंगला बघून आले. तिळगूळ पाठवला नाही, कारण तो माझ्या घरचा. बघ, मी किती नियमानं चालते.

घर छान आहे. खाली लाल चकचकीत जमीन, इतकी थंड की मी चपला काढून उभीच राहिले. खिडक्यांवर लाकडी नक्षीच्या टोप्या, जुन्या कँटोनमेंटमध्ये असायच्या तशा. एका खोलीत घोड्यांची औषधं ठेवायचं कपाट आहे, त्याच्या एकेका खणावर इंग्रजीत घोड्याचं नाव. एका घोडीचं नाव डचेस. डचेसला पोटशूळ होता, असं तिथला रघुपती सांगत होता. रघुपती म्हणजे तिथला मॅनेजर. पन्नाशीचा, डोक्याला तेल, हातात चाव्यांचा जुडगा, आणि सगळ्याला आधी नाही म्हणायची सवय.

मी म्हटलं, जावळ मागच्या व्हरांड्यात काढू. "अदु आगल्ला, मेडम," तो म्हणाला, ते नाही जमायचं, जुन्या घरात केस कापायचे नाहीत. मग कुठं? तर बाहेर चिंचेखाली. मी म्हटलं, ऊन लागेल पोराला. तर "स्वल्प अडजस्ट माडी," जरा चालवून घ्या. शेवटी चिंचेखाली चटई घालून द्यायला तयार झाला. न्हावी आपला, योगीराज, श्रीरामपुऱ्याहून येणार आहे. पोरं रडली तरी त्याचा हात हलत नाही.

आता नीट वाच, हे तुझ्यासाठी आहे. तिथं दारात एक दगडी पाटी आहे. ज्यांचा दिवस असेल त्यांचं नाव खडूनं लिहितात, 'आज हे घर अमक्यांचं.' यशोवर्धननं माझं नाव दिलं होतं. मी लगेच पुसायला लावलं. आज हे घर उल्काचं असं लिहिलं तर तो उंबरा माझा झाला, आणि तू पायरीवरूनच मागं फिरशील, मी ओळखते तुला. रघुपती म्हणतो, मग कुणाचं लिहू? मी म्हटलं, गुंडूचं लिही. त्याला दात आलेत चार, त्याला कुणी आण घातलेली नाही. पाणी तिथल्याच विहिरीचं आहे, मी विचारून घेतलं. स्वयंपाक त्यांच्या आचाऱ्याचा, मीठ त्यांचं. मी शेंगदाण्याची चटणीसुद्धा घेऊन येणार नाही. तुझ्या पोटात माझ्या घरचा एक कण जायचा नाही, याची हमी माझी.

हे गेले तेव्हा तू आला होतास, मला माहीत आहे. आमच्या समोरच्या मेडिकलच्या पायरीवर दोन तास उभा होतास. मी खिडकीतून बघत होते. स्मशानात गेलास, खांदा दिलास, आंघोळीला आपल्या घरी गेलास. लोक म्हणाले, काय हा हट्ट. मी कुणाला काही म्हटलं नाही. मला बरं वाटलं होतं, तू समोर उभा होतास म्हणून.

परत येताना तुझ्या शेडवरूनच आलो. शटर अर्धं वर होतं, आत दिवा दिसला. गाडी थांबवली नाही, यशोवर्धनला घाई होती.

कळव.
अक्का

राजाजीनगर
बुधवार, २८ जानेवारी

माझ्या दत्ता,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं खालून हाक मारली तेव्हा मी कणीक मळत होते, तसेच पिठाचे हात घेऊन दोन जिने उतरले. नऊ वर्षांनी तुझं अक्षर. काय लिहिलंस, तर 'बंगल्याला जाताना चर्चपाशी वळू नका, रस्ता खणलाय. तळ्याच्या बांधावरून जा. खिडक्यांच्या पितळी कड्या आमच्या शेडमध्ये केल्यात. दत्ता.' येतो नाही, येत नाही नाही. नमस्कारसुद्धा नाही.

पण मी स्वानंदीला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या कड्यांना मी हात लावला होता रे. रघुपतीनं मुद्दाम दाखवल्या, म्हणाला, जुन्या सात आणि नव्या पाच, यातल्या नव्या कुठल्या ओळखून दाखवा. मला ओळखता आल्या नाहीत. ह्या आनेकलच्या एका मिस्त्रींनी लेथवर काढल्या, असं तो म्हणाला. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

हसून झाल्यावर स्वानंदीनं विचारलं, "आई, पत्रिका तू पाठवलीस. मग मामा माझ्यावर का रागावलाय? माझ्याशी नऊ वर्षं का बोलत नाही?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला. गेले पाच दिवस जेवण गोड लागत नाही. आता लिहिते, आणि जसं घडलं तसं लिहिते.

स्वानंदीच्या बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावून तू म्हणालास, ही माझ्या मल्हारची. मी हो म्हटलं. आपल्याकडं मामाच्या घरी मुलगी देणं म्हणजे घरातल्या घरात, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चोवीस वर्षं ते हो तसंच होतं. मग सोळा सालच्या दिवाळीत मी तुला सांगितलं, पोरगी नको म्हणते, आजकालच्या मुली, मी काय करू. तू म्हणालास, तिच्या मनाविरुद्ध नको. पण तेव्हापासून तू तिचं नाव टाकलंस.

दत्ता, पोरगी नको म्हणालीच नव्हती. तिला मी विचारलंच नव्हतं.

मला लाज वाटली. तुझ्या शेडची, शेडमागच्या दोन खोल्यांची, तुझ्या नखांतल्या काळ्या तेलाची. मल्हार तेव्हा बोम्मसंद्र्याला कारखान्यात नुकता लागला होता, खांद्यावर डबा घेऊन बसनं जायचा. इकडं ह्यांच्या ऑफिसातली माणसं चहाला यायची आणि इंजिनिअर मुलांची स्थळं सांगायची. माझी मान वर व्हायची. माझी मुलगी आनेकलला भावाच्या शेडमागं जाईल हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. नाकापेक्षा मोती जड झाला, आणि नाक मी कापलं. मी पोस्टाची परीक्षा देत होते तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास आणि त्याच हातांनी घर ओढत होतास, हे मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणणार नाही. आठवलं होतं. आठवूनही मी ते केलं.

आणि दोष मुलीवर ढकलला. तिला मामा होता, तो मी काढून घेतला. लग्नात मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं, तिला शेजारच्या जयतीर्थरावांनी आणलं. ती सारखी दाराकडं बघत होती. फोटोतही तशीच आलीय.

रागवायचं तर माझ्यावर रागाव. तिच्यावर नको.

अक्का

राजाजीनगर
मंगळवार, १० फेब्रुवारी

दत्ता,

मल्हारनं सांगितलं, माझं पत्र तू शेडमध्येच उभ्यानं वाचलंस, मशिन बंद केलंस आणि दुपारीच घरी गेलास. रात्री जेवला नाहीस. त्यानं मला विचारलं, आत्या, असं काय लिहिलंस? मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

गेल्या आठवड्यात तू स्वानंदीला फोन केलास. तिनं मला शब्द न् शब्द सांगितला, कारण शब्द होते किती? तू म्हणालास, "पोरी, मामा बोलतोय. जेवलीस काय?" ती म्हणाली, "जेवले मामा." तू म्हणालास, "पोरगं?" ती म्हणाली, "झोपलंय." मग तू म्हणालास, "सरी, सरी," आणि ठेवलास. ती अर्धा तास रडत होती. यशोवर्धन बिचारा घाबरला, त्याला वाटलं आनेकलला कुणी गेलं.

मग ती माझ्याकडं आली. मला तिला सगळं सांगावं लागलं. ती काय म्हणाली ते तुलाही कळायला हवं. म्हणाली, "आई, तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. मल्हारदादा मला दादाच वाटायचा. त्यालाही तसंच. आम्ही दोघांनी मिळून मामाला सांगितलं असतं, मामा हसला असता. पण तू विचारायचं तरी होतंस." नंतर चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी गुंडूला तेल लावायला जायची, ती दार उघडायची आणि आतल्या खोलीत जायची. काल पुन्हा बोलायला लागली. तेही बंगल्याच्या जेवणाबद्दल.

म्हणजे बघ, एका खोट्याची गरजच नव्हती, आणि ते मी बोलले. माझ्याहून मूर्ख बाई निपाणीपासून बेंगळूरुपर्यंत सापडायची नाही.

आता तयारीचं. आपण चौदा माणसं. यशोवर्धनचे आईवडील नागपूरहून येताहेत, व्याहीबुवांना तिखट लागतं, म्हणून रघुपतीनं आचाऱ्याला सांगितलंय. पुरी, बटाट्याचं पल्य, बिसिबेळे भात, कोशंबीर, खीर. भात तुला पातळ आवडतो, तेही सांगितलंय. दहाला सगळे जमायचं, अकराला घर बघायचं, बाराला जावळ, मग पंगत. पाटीवर नाव गुंडूचंच. पुढच्या दारानं ये. कड्या बसवायला तू मागच्या दारानं गेला असशील, रघुपतीनं तसंच सांगितलं. या वेळी पुढच्या दारानं.

सोबत वेळापत्रक आणि नकाशा जोडलाय. नकाशा कशाला म्हणशील, तो तुझा गाव आहे. पण मला सगळं नीट पाठवल्याशिवाय चैन पडत नाही. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय, म्हणजे पोचलं की मला कळेल. मी स्वतः आले असते, पण गुडघे फार दुखताहेत, बसची पायरी चढवत नाही.

माझ्याविषयी तू काहीच म्हणाला नाहीस. म्हणू नकोस. फक्त येणार की नाही ते एका कार्डावर कळव.

अक्का

कुदुरे बंगला
रविवार, २२ फेब्रुवारी, दुपारचे पावणेबारा

दत्ता,

हे जेवणाच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय. मल्हार म्हणाला, "आत्या, चिठ्ठी दे, मी गाडीनं जाऊन बाबांना देतो." म्हणून लिहिते.

सगळे आले. चौदातले तेरा. व्याहीबुवा डचेसच्या खणासमोर उभे राहून फोटो काढून घेताहेत. मुग्धा गुंडूला कडेवर घेऊन खिडकीच्या कड्या दाखवतेय, "हे तुझ्या आजोबांनी केलं," असं म्हणतेय. चिंचेखाली योगीराजनं चटई झटकली, वस्तऱ्याला धार लावली, आता बिडीला जाऊ की नको विचारतोय. रघुपती दर दहा मिनिटांनी येऊन सांगतो, भात घट्ट होईल. आणि तू नाहीस. साडेदहाला मल्हारची गाडी बांधावरून येताना दिसली तेव्हा मी पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. पुढं मल्हार आणि मुग्धा, मागं कावेरी. कावेरीच्या शेजारची जागा मोकळी. मी वाकून आत बघितलं, लहान पोरासारखी. मल्हार म्हणाला, "बाबा येत नाही म्हणाले."

मला राग आलाय, तो लिहून टाकते. मी उंबरा काढला, पाणी बदललं, मीठ बदललं, नाव पुसलं. माझी अब्रू कागदावर काढून तुझ्या हातात दिली. चार पत्रं लिहिली. तुला एक कार्ड टाकता आलं नाही? माझ्यावरचा राग मी समजू शकते, पण आज दिवस त्या पोराचा आहे. मोठेपणा

इथवर लिहिलं आणि कावेरी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अक्का, कुणाला लिहिताय?" मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला, दुसऱ्या कुणाला. मग तिनं सांगितलं ते इथं तसंच उतरवते.

"ते पहाटे पाचला उठलेत, अक्का. डोक्यावरून आंघोळ केली. मल्हारच्या लग्नातला पांढरा शर्ट घातलाय, मी इस्त्री केली होती ती मोडली म्हणून पुन्हा स्वतः इस्त्री केली. शेड उघडलं नाही. दारात खुर्ची टाकून बसलेत. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वर करतात. आम्ही निघताना मी म्हटलं, चला आता, पुरे झालं. तर म्हणाले, 'पत्रं चार आली. बोलावणं आलेलं नाही.'"

मी म्हटलं, मग चार पत्रांत मी काय केलं ग? वेळ कळवली, जागा कळवली, भात पातळ करायला सांगितला.

कावेरी म्हणाली, "लग्नातही पत्रच आलं होतं. मल्हारला मुलगी दिली नाही म्हणून ते आठ दिवस गप्प होते, नवव्या दिवशी म्हणाले, जाऊ दे, माझी भाची आहे, जिथं जाईल तिथं सुखी राहू दे. तुम्ही अक्षत घेऊन याल म्हणून मला रोज सांगायचे, घर सारवल्यासारखं ठेव, अक्का येईल. मी तुमच्या ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. नारळ दोनदा बदलला. मग एक दिवस पोस्टमन आला आणि म्हणाला, इथं सही करा. त्यांनी सही केली. आत आले आणि तुम्हाला फोन लावला. आण घेतली ती तेव्हा."

मामाला लग्नाचं आमंत्रण अक्षत हातात देऊन करायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या राजाजीनगरला मी दारोदार फिरून अक्षत दिली. ज्यांची नावं आज आठवत नाहीत त्यांच्याकडंही गेले. फक्त तुझ्याकडं पोस्ट पाठवलं, कारण तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. आणि नऊ वर्षं ती पोचपावती कपाटात ठेवून मीच स्वतःला सांगत राहिले की माझ्याकडून सगळं झालंय, पत्र पोचलंय. आताही तेच केलं. चारदा केलं.

उंबरा ओलांडणार नाही ही आण तुझी, आणि तीही माझ्या उंबऱ्याची. तुझा उंबरा ओलांडायला मला कुणी अडवलं होतं? नऊ वर्षांत एकदा तरी तुझ्या दारात मी उभी राहिले असते, तर तू काय केलं असतंस? फार तर मशिन सुरू केलं असतंस आणि माझं बोलणं ऐकू आलं नसतं. मी त्या आवाजाला भीत होते. संक्रांतीला यशोवर्धनला घाई नव्हती. तो म्हणाला होता, मामांकडं थांबूया का, मीच म्हटलं सरळ चल. गुडघेही बरे आहेत माझे. दोन जिने मी तुझ्या कार्डासाठी धावत उतरले होते.

मल्हार समोर हात पुढं करून उभा आहे. दे म्हणतो. मी त्याला म्हटलं, कागद देत नाही, गाडी काढ. स्वानंदी म्हणाली, मी येऊ का? मी म्हटलं, तू पोराला सांभाळ, हे माझं आहे. योगीराजला म्हटलं, जा, बिडी ओढून ये. रघुपतीला म्हटलं, भात घट्ट होऊ दे. जावळाच्या ताटातलं कुंकू आणि मूठभर अक्षता रुमालात बांधून घेतल्यात. तांदूळ इथल्याच आचाऱ्याचे आहेत.

आल्यावर मी काय बोलणार ते मला अजून सुचलेलं नाही. तू बोलला नाहीस तरी चालेल. चहा ठेवू नकोस, आणि शर्ट बदलू नकोस. खुर्चीतून उठू नकोस, मी निघालेय.